‘बागबान’वर रडलात, ‘मेरा साया’वर दचकलात, आता या उन्हाळ्यात राजा परांजपेंचे सिनेमे पाहा

उन्हाळ्याची सुट्टी, दुपारचे दोन, बाहेर डांबर वितळतंय आणि घरात रिमोटवरून भांडणं. ओटीटीवर अर्धा तास नुसतं स्क्रोल करायचं, मग कुठला तरी सिनेमा भाड्याने घ्यायचा आणि विसाव्या मिनिटाला झोपायचं. बहुतेक घरांतला हा कार्यक्रम ठरलेला आहे.

यावर एक उपाय आहे, आणि तो सत्तर वर्षं जुना आहे.

‘बागबान’ आठवतोय? २००३ चा. आईवडील म्हातारे होतात, मुलं त्यांना वाटून घेतात, बाप एकीकडे आणि आई दुसरीकडे. टीव्हीवर लागला की आजही अख्खं घर डोळे पुसतं. जवळपास हीच गोष्ट मराठीत १९५४ साली येऊन गेली होती. ‘मेरा साया’ आठवतोय? साधना, सुनील दत्त आणि कोर्टात उभी असलेली ती बाई. ती गोष्ट तर थेट मराठीतून उचललेली. आणि या दोन्ही मराठी सिनेमांचा दिग्दर्शक एकच होता.

राजा परांजपे.

नाव ऐकलेलं असतं. आजी-आजोबांना विचारलं तर ते दहा मिनिटं थांबत नाहीत. पण सिनेमे किती पाहिलेत असं विचारलं, तर तिशीच्या आतली बरीच मंडळी गप्प बसतात. गंमत म्हणजे त्यांच्या सिनेमांतली गाणी बहुतेकांना तोंडपाठ असतात. ती आली कुठून, हे मात्र माहीत नसतं.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० चा, गाव मिरज. तंतुवाद्यांसाठी देशभर ओळखलं जाणारं हे गाव. मिरजेपासून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, आणि त्या काळात मराठी सिनेमा म्हणजे कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी तिथे पाया घातला, ‘प्रभात’ तिथेच जन्मली, भालजी पेंढारकर तिथेच ठाण मांडून बसले होते. राजाभाऊ नाटकातून सिनेमात आले आणि भालजींच्या हाताखाली तयार झाले. कॅमेऱ्यापुढे काम करायचं आणि कॅमेऱ्यामागचं शिकायचं, असं दोन्ही एकदम चाललं. दिग्दर्शक म्हणून ते उभे राहिले तोवर वर्ष उजाडलं होतं १९४८ आणि वय झालं होतं ३८. म्हणजे आजच्या हिशोबाने उशीरच.

पण तेव्हाची परिस्थिती बघा. शांताराम बापू कधीच ‘प्रभात’ सोडून मुंबईला गेले होते. ‘प्रभात’ची घरघर सुरू होती. हिंदी सिनेमाकडे पैसा, स्टार आणि अख्खा देश. मराठीकडे फक्त महाराष्ट्र, तोही अर्धा हिंदी बघणारा. त्यात १९४७ मध्ये ‘जय मल्हार’ आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ चालले आणि निर्मात्यांना वाट सापडली: फेटे, लावणी, पाटील, तमाशाचा फड. पुढची कितीतरी वर्षं मराठी सिनेमा म्हटलं की हेच डोळ्यांपुढे यायचं.

राजाभाऊंनीही सुरुवातीला या वाटेवर पाय टाकला. १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये हंसा वाडकर होत्या, आणि हिरो कोण होते माहितीये? पु. ल. देशपांडे. पण लवकरच राजाभाऊंनी भलतीच दिशा धरली. त्यांच्या सिनेमात भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं आली. पगार, उधारी, लग्न, म्हातारपण, बेकारी हे विषय आले. धोतर-कोट आणि नऊवारीतलं मध्यमवर्गीय मराठी घर पडद्यावर आलं, तेही प्रवचन न देता.

याला दोन माणसं कारणीभूत होती. एक ग. दि. माडगूळकर, दुसरे सुधीर फडके. दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे राजाभाऊंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. गदिमा कथा, पटकथा, संवाद आणि गाणी लिहायचे, बाबूजी चाली लावायचे आणि राजाभाऊ ते सगळं पडद्यावर मांडायचे. वर मुख्य भूमिकाही पुष्कळदा स्वतःच करायचे. आज एखाद्या दिग्दर्शकाची ‘टीम’ म्हणून जे कौतुक होतं, ते या तिघांनी पन्नासच्या दशकात करून दाखवलं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि गदिमा-बाबूजी घराघरात पोचले. पण त्याआधीच ही जोडी राजाभाऊंच्या सिनेमांत वर्षानुवर्षं एकत्र राबलेली होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

आता सिनेमे. पहिला घ्यायचा ‘लाखाची गोष्ट’, १९५२.

दोन मित्र. दोघेही कलावंत, दोघेही कफल्लक. त्यातल्या एकाचं श्रीमंताच्या पोरीवर प्रेम बसतं. पोरीचा बाप हाकलून देत नाही, उलट पैसे देतो. अट एकच, एका महिन्यात एक लाख रुपये उडवून दाखवायचे. १९५२ चे लाख रुपये! वाटतं की यात काय अवघड आहे? पण खर्च करायला सवय लागते, आणि ती या दोघांना नाही. सगळी मजा तिथून सुरू होते.

रजनीकांतचा ‘अरुणाचलम’ (१९९७) किंवा नसिरुद्दीन शाहचा ‘मालामाल’ (१९८८) पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. कारण मुळात ही कल्पना १९०२ मधल्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या अमेरिकन कादंबरीतली. म्हणजे हे बीज बाहेरून आलेलं. पण गदिमांनी ते असं काही रुजवलं की अमेरिकेचा वासही राहिला नाही. अमेरिकन कथेत पैसा उडवणं हा खेळ आहे. इथे दोन गरीब पोरांना पैशाची लाज वाटते, भीती वाटते आणि थोडी चटकही लागते. या तिन्ही गोष्टी एकाच सिनेमात हसत हसत येतात.

या दोघांपैकी एक होते राजा परांजपे आणि दुसरे राजा गोसावी. गोसावींचा एक किस्सा जुने पुणेकर आजही रंगवून सांगतात. हा सिनेमा लागला तेव्हा गोसावी पुण्यातल्या एका थिएटरात तिकीट खिडकीवर नोकरीला होते. म्हणजे पडद्यावर लाख रुपये उधळणारा हिरो खाली खिडकीत बसून चिल्लर मोजत होता. पुढे हेच गोसावी मराठीतले पहिल्या फळीचे विनोदी नायक झाले.

त्याच वर्षी आला ‘पेडगावचे शहाणे’. नावातच सगळं आहे. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे सगळं कळत असून न कळल्यासारखं करणं. हे पेडगाव खरंच आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथल्या बहादूरगडावर मराठ्यांनी मोगल सुभेदाराला कसं गंडवलं याची गोष्ट या म्हणीमागे सांगतात. सिनेमाचा त्या इतिहासाशी काही संबंध नाही, पण म्हणीशी आहे. यात वेडा ठरवलेला एक माणूस, काका शहाणे, एका पैसेवाल्या घरात येऊन पोचतो. घरात सगळे शहाणे, आणि त्यांचं शहाणपण म्हणजे पैशाचा माज, आळस, एकमेकांवर कुरघोडी. मग नेमकं वेडं कोण?

काका झालेत स्वतः राजाभाऊ. त्यांच्या अभिनयाची खासियत इथे नीट दिसते. त्या काळातले नट अजून नाटकातल्यासारखे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलत होते. राजाभाऊ मात्र चेहरा जवळपास हलवतच नाहीत. नुसते बघतात. विनोद झाला की स्वतः हसत नाहीत आणि दुःख झालं की ऊर बडवत नाहीत. आज ज्याला ‘अंडरप्ले’ म्हणतात ते हेच.

हा सिनेमा त्यांनीच १९५३ मध्ये हिंदीत केला, ‘चाचा चौधरी’ नावाने. कॉमिक्समधल्या पगडीवाल्या चाचा चौधरीचा याच्याशी काही संबंध नाही, तो कितीतरी वर्षांनी आला. पण मूळ बघायचा तर मराठीच बघावा. पेडगाव हिंदीत नेता येत नाही.

आणि मग १९५४. ‘ऊन पाऊस’.

उन्हाळ्यात एकच जुना सिनेमा बघायचा असेल तर हा. एक शाळामास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवली, स्वतःची पोरं वाढवली, त्यांच्यासाठी होतं-नव्हतं ते खर्च केलं. निवृत्त झाले आणि मुलांच्या दारात उभे राहिले. मुलांनी विचार केला, दोघांना एकत्र कोण सांभाळणार? मग झाली वाटणी. जमिनीची नाही, भांड्यांची नाही, आईबापांची.

ही गोष्ट आज व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन होऊन गुळगुळीत झाली आहे. पण १९५४ चा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणला की तिचं वजन कळतं. गावाकडचं एकत्र घर फुटून मुंबई-पुण्यात दोन खोल्यांचा संसार सुरू झाला होता. पहिल्यांदाच एक अख्खी पिढी नोकरीसाठी आईबापांपासून लांब राहत होती. त्या दोन खोल्यांत म्हातारी माणसं बसवायची कुठे, हा प्रश्न थिएटरात बसलेल्या मुलालाही होता आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बापालाही. सिनेमा संपल्यावर दोघे एकाच टांग्यातून घरी जाणार होते.

राजाभाऊंनी इथे एक अवघड गोष्ट साधली. त्यांनी मुलांना खलनायक केलं नाही. ‘बागबान’मधली मुलं बघताना चीड येते आणि आपण सुटतो, कारण आपण काही इतके वाईट नाही असं म्हणता येतं. ‘ऊन पाऊस’मध्ये ही पळवाट मिळत नाही. ही मुलं ओळखीची आहेत. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच हा सिनेमा जास्त टोचतो.

मास्तरांची भूमिका राजाभाऊंची आणि त्यांच्या पत्नीची सुमती गुप्तेंची. चेहऱ्यावरचा थकवा, खांद्यांचा बाक आणि चालताना अडखळणारं पाऊल बघून हा नट सत्तरीचा असणार असं वाटतं. राजाभाऊ तेव्हा होते ४४ वर्षांचे!

या गोष्टीचं बीज १९३७ मधल्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’ या अमेरिकन सिनेमाशी जुळतं. आणि मराठीनंतर १९५८ मध्ये कन्नडमध्ये ‘स्कूल मास्टर’ आला, पुन्हा तोच शाळामास्तर, तीच पोरं. त्याच्या पुढे वेगवेगळ्या भाषांतून फिरत ही गोष्ट ‘बागबान’पर्यंत आली. मूळ मालक कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण या साखळीत एक कडी मराठी आहे, ती मजबूत आहे आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

का बघत नाही, याचं एक कारण गाणी. ऐकायला विचित्र वाटेल. पण आकाशवाणीने बाबूजींची गाणी इतकी वाजवली, पुढे कॅसेट आणि भावगीतांच्या कार्यक्रमांनी ती इतकी जपली, की ती सिनेमापासून सुटून स्वतंत्र जगायला लागली. गाणं घरात होतंच, मग सिनेमा शोधायची गरज कुणाला? दुसरं कारण सरळ आहे. मराठीचा धंदा छोटा. एखादी गोष्ट चांगली निघाली की तमिळ किंवा हिंदीवाले ती घ्यायचे, मोठे स्टार आणि मोठं बजेट लावायचे. देशाच्या लक्षात राहायचा तो दुसरा सिनेमा.

मधली वर्षं भराभर सिनेमांची. ‘गंगेत घोडं न्हालं’, ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘गाठ पडली ठका ठका’, पुढे ‘आधी कळस मग पाया’. नावं वाचली का? एकेक म्हण, एकेक वाक्प्रचार. पोस्टर बघूनच माणूस हसायचा आणि गोष्टीचा अंदाजही यायचा. आजच्या भाषेत याहून भारी मार्केटिंग नाही. सगळेच सिनेमे सारख्या ताकदीचे नाहीत, काही आज संथ वाटतील. पण १९५६ च्या ‘आंधळा मागतो एक डोळा’मधून एक देखणा तरुण खलनायक म्हणून पुढे आला, तो रमेश देव. त्यासाठी तरी हा नोंदवून ठेवावा.

माणसं घडवणं हा त्यांचा दुसरा उद्योगच होता. रमेश देव, सीमा देव, राजा गोसावी यांच्या प्रवासात राजाभाऊ कुठे ना कुठे आहेतच. पुढे मोठे झालेले दिग्दर्शक राजदत्त हेही त्यांचे सहायक. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातला चांगला मराठी सिनेमा ज्यांनी केला, त्यांतल्या एकाची शाळा ही.

१९६० मध्ये ‘जगाच्या पाठीवर’ आला. फिरस्ता, फाटका माणूस आणि एक आंधळी मुलगी. मुलगी म्हणजे सीमा, फिरस्ता अर्थात राजाभाऊ. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ पाहिलेल्याला सावली लगेच दिसते. पण चॅप्लिनचा भटक्या सतत काहीतरी करत असतो, पडतो, पळतो. राजाभाऊंचा माणूस दमलेला आहे. नोकरी मागून, नाकारला जाऊन दमलेला. देश स्वतंत्र होऊन तेरा वर्षं झाली होती आणि बेकारी तशीच होती, हे त्या दमण्यात आहे. यातली गाणी तर एकाहून एक. एकदा सिनेमात बघितली की रेडिओवर पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत, त्यांना चेहरे मिळतात.

तीन वर्षांनी ‘हा माझा मार्ग एकला’. दारूत बुडालेला एक एकटा माणूस आणि त्याच्या आयुष्यात आलेलं एक पोर. ते पोर म्हणजे सचिन पिळगांवकर, पहिलाच सिनेमा. ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असलेल्यांनी एवढ्यासाठी तरी बघावा. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक याला मिळालं.

आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा तेच पदक, ‘पाठलाग’ला.

इथे राजाभाऊ ५४ वर्षांचे आहेत. गदिमांच्या सोबतीने कौटुंबिक, हळवे सिनेमे करणारा माणूस म्हणून त्यांच्यावर शिक्का बसलाय. आणि हा माणूस उठून थेट सस्पेन्स करतो. एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांसमोर मरते. मग पोलिस एका गुन्हेगार बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब तोच. ती म्हणते, मीच तुमची बायको. आता वकिलाने विश्वास ठेवायचा कशावर, चितेवर की चेहऱ्यावर?

वकील झालेत डॉ. काशिनाथ घाणेकर. ज्यांनी त्यांना फक्त २०१८ च्या सुबोध भावेच्या सिनेमातून ओळखलंय, त्यांनी खरे घाणेकर इथे बघावेत. समोर भावना, आणि दोन्ही रूपांत तिचीच परीक्षा. कोर्टातले प्रसंग आजही खिळवून ठेवतात. १९६५ मध्ये तमिळमध्ये याचा ‘इदय कमलम’ झाला आणि १९६६ मध्ये राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला. तो रंगीत होता, त्यात साधना होती, बरेलीच्या बाजारातलं ते झुमक्याचं गाणं होतं. देशभर चालला. ‘मेरा साया’ उत्तम आहे, वाद नाही. पण ‘पाठलाग’चा कृष्णधवल अंधार त्याच्याकडे नाही. सावल्यांचा सिनेमा रंगात केला की सावल्या थोड्या फिक्या पडतातच. ज्यांनी हिंदी पाहिलाय त्यांना शेवट माहीत आहे. ज्यांनी नाही पाहिला, त्यांनी मराठी आधी बघावा आणि शेवट कुणाला सांगू नये.

यानंतर ‘गुरुकिल्ली’, ‘काका मला वाचवा’ असे सिनेमे आले. काळ मात्र बदलत होता. एकीकडे तमाशापटांची लाट होती, दुसरीकडे १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ने दादा कोंडके नावाचं वादळ आणलं. राजाभाऊंच्या बैठकीच्या, हळू आवाजातल्या विनोदाला तिथे जागा उरली नव्हती. १४ डिसेंबर १९७७ ला गदिमा गेले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ९ फेब्रुवारी १९७९ ला राजाभाऊही गेले. तिघांपैकी बाबूजी तेवढे मागे राहिले, ते २००२ पर्यंत.

हे सिनेमे आज मिळवायचे तर थोडी खटपट आहे. एकेकाळी गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत रात्रीपुरती कॅसेट भाड्याने मिळायची, मग सीडी आल्या, आता दोन्ही दुकानं बंद. मोठ्या ओटीटीवर कृष्णधवल मराठी शोधणं म्हणजे गवतात सुई. यूट्यूबवर सिनेमाचं नाव आणि साल मराठीत टाकून शोधलं तर जुन्या सिनेमांच्या कॉपी हाती लागतात. प्रिंट कुठे ओरखडलेली असते, आवाज खरखरतो. हेडफोन लावून बघितलं तर निम्मा त्रास कमी होतो. पहिली दहा मिनिटं जड जातील, त्या काळच्या सिनेमाचा वेग तसाच आहे. तेवढी काढली की रिमोट बाजूला राहतो.

घरात लहान मुलं असतील तर ‘लाखाची गोष्ट’पासून सुरुवात करावी. मित्रांचा अड्डा असेल तर रात्री दिवे बंद करून ‘पाठलाग’. ‘ऊन पाऊस’ आईबाबांसोबत बघायचा की एकट्याने, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि यातलं काहीच सापडलं नाही, तर बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ (१९६३) सहज मिळतो. नूतनसाठी तो सगळ्यांनीच पाहिलेला असतो. या वेळी तिच्या वडिलांकडे बघा, ते खेड्यातले साधे पोस्टमास्तर. तेच राजा परांजपे.